मी बदकाच्या बाजूची

सिनेमातल्या एका बदकावरून मी माझ्या थोरल्या दिरांशी भांडले. लग्नघरात, पाहुण्यारावळ्यांसमोर, आवाज चढवून भांडले. नंतर कितीतरी जणींनी मला समजावलं की कार्टून होतं ते, सोडून दे. नाही सोडत. ते बदक बरोबर होतं असं मी म्हणत नाही, पण शेवटी त्याला मिळाला तो मान त्याचाच होता, हे मी कुणाही समोर म्हणायला तयार आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोडं नको. भांडण जेवढं बदकाचं होतं तेवढंच माझ्या भावाचंही होतं. माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे नवरीला तिचा मामा मांडवात घेऊन येतो आणि मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. माझ्या लेकीला सख्खा मामा एकच. आणि माझ्या थोरल्या दिरांचं म्हणणं असं की तो एक सोडून दुसरा कुणीही चालेल.

थोरल्या दिरांना घरातले सगळे तात्या म्हणतात. सासरे गेल्यापासून भवानीनगरच्या आमच्या घरात त्यांचाच शब्द चालतो, आणि खोटं कशाला बोलू, तो बहुतेक वेळा रास्त असतो. या एका बाबतीत नव्हता.

बस्ता बांधायला आम्ही बारामतीला गेलो होतो. बस्ता म्हटलं की दिवस जातो. नवरीचा शालू एका तासात ठरतो, पण मावळणीच्या, म्हणजे नवरीच्या आत्याच्या, साडीचा काठ पसंत पडेपर्यंत दुकानदाराची माणसं घामाघूम होतात. त्या दिवशी कसा कोण जाणे, दुपारीच सगळं उरकलं. लेक म्हणाली, चला, मी सगळ्यांना पिक्चर दाखवते. ती औषधाच्या दुकानात नोकरी करते, स्वतःच्या कमाईतून तिला हात सैल सोडायचा होता. थिएटरमध्ये गेलो तर मोठ्यांच्या पिक्चरला जागा नव्हती. तात्यांची लहान नात बरोबर होती, तिनं भिंतीवरच्या चित्रातल्या बदकाकडे बोट दाखवलं आणि विषय संपला.

"पाखरांचा शिनेमा बगायचा का आता मी?" तात्या म्हणाले. पण आत गारवा होता आणि बाहेर उन्हानं डांबर मऊ झालं होतं. ते आले. टोपी मांडीवर ठेवून कडेच्या खुर्चीत बसले.

मराठीत बोलणारी पाखरं होती. गोष्ट अशी: एका हॉटेलच्या तळ्यात एक जाडजूड बदक राहत असतं. लोकांनी टाकलेली बिस्किटं खाऊन ते एवढं सुटलेलं की त्याला धड उडताही येत नाही. पण तोंड असं की मी सात डोंगर ओलांडलेत, वादळं अंगावर घेतलीत. एकदा रानबदकांचा एक थवा तिथं उतरतो. त्यांचा म्होरक्या मेलेला असतो, पिल्लं बरोबर असतात आणि थंडी तोंडावर आलेली असते. ती बिचारी विचारतात, उबेच्या देशाचा रस्ता कुणाला ठाऊक आहे का. आणि हे गाढव, म्हणजे हे बदक, छाती फुगवून म्हणतं, मला.

मग काय काय होतं! उडता येत नाही हे लपवायला ते म्हणतं, खरे दर्दी चालत जातात. सगळा थवा त्याच्या मागे चालत. रस्ता विचारला की म्हणतं, रस्ता आपल्याला शोधत येतो. तात्या एवढे हसले की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. मध्येच ते माझ्या नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "बग, बग, कसं चाललंय, सरपंचावानी."

पुढे एका गोठलेल्या तळ्यावर वादळ येतं, पिल्लांचे पाय बर्फात अडकतात, आणि आमचं बदक काय करतं, तर गुपचूप काढता पाय घेतं. पळून जातं. थिएटरमध्ये पोरं गप्प झाली. तात्यांच्या नातीनं तर रडायलाच सुरुवात केली.

पण ते परत येतं. उडता येत नाही, म्हणून चालत येतं. ज्या बर्फातून पळालं त्याच बर्फातून, पडत, उठत, स्वतःलाच शिव्या देत. इकडे अडकलेल्या पिल्लांभोवती कोल्हा घिरट्या घालतोय. बदक लांबून कोल्ह्याला ओरडून सांगतं की ती हडकुळी पोरं काय खातोस, माझ्याकडे बघ, हॉटेलची बिस्किटं खाऊन तयार झालेला माल आहे, माझ्यासारखं चविष्ट बदक पंचक्रोशीत नाही. अशी स्वतःचीच जाहिरात करत ते कोल्ह्याला लांब लांब नेतं. पार रक्तबंबाळ होतं, पण पिल्लं सुटतात. ज्या तोंडानं त्यांना फसवलं त्याच तोंडानं वाचवलं. शेवटी थवा उडतो तेव्हा सगळ्यांत पुढची जागा त्याला देतात. त्याला धड पंख मारता येत नाहीत, वाकडंतिकडं उडतं, आणि सगळा थवा त्याच्यामागे वाकडातिकडा उडतो.

मी शेजारी बघितलं. तात्या टोपीनं डोळे पुसत होते.

म्हणून तर गाडीत त्यांनी तोंड उघडलं तेव्हा माझा संताप झाला. बारामती मागे पडली, उसाची रानं सुरू झाली, आणि तात्या म्हणाले, "बाकी समदं बरं हुतं. पन शेवट चुकला. पुढं उडायचा मान त्याला कशापायी?"

"का? पोरं वाचवली की त्यानं," मी म्हणाले.

"अडकवली कुनी? त्यानंच ना? ज्यानं खड्डा खणला त्यानंच हात दिला, त्यात कसलं कवतिक? तो पांढरा हंस हुता की. चांगला, सरळमार्गी. त्याला द्यायचा मान."

त्या हंसाचं नाव काढलंत ते बरं केलंत, असं मी मनात म्हणाले. त्या थव्यात एक देखणा हंस होता खरा. त्याची सगळ्या पिक्चरभर एकही चूक नाही. पण का नाही? कारण त्यानं काही केलंच नाही. पिल्लं अडकली तेव्हा तो वर आभाळात गोल फिरत 'अरेरे' म्हणत होता. अशा लोकांचा मला लहानपणापासून राग आहे. ज्यानं कधी कशाला हात लावला नाही त्याच्या हाताला डाग कुठून लागणार?

हे सगळं मी मोठ्यानंही म्हणाले. लेक मागून म्हणाली, "आई, पिक्चर आहे तो." माझा नवरा गाडी चालवत होता. गाडी चालवताना बोलू नये हा नियम त्याला अशाच वेळी आठवतो.

"आगं, एकदा पळालेलं परत पळनार न्हाय कशावरनं?" तात्या म्हणाले, आणि आता बदकाचं चाललेलं नव्हतं हे गाडीत सगळ्यांना कळलं.

माझा भाऊ माझ्याहून लहान. माहेरी, कोऱ्हाळ्याला, आमच्या घरात थापा मारणारं दुसरं कुणी नव्हतं. ती सगळी जबाबदारी त्यानं एकट्यानं उचलली. शाळेत होता तेव्हा त्याची कलेक्टरशी ओळख होती, कॉलेजात गेल्यावर मंत्र्याशी. कुठल्याही कारखान्याचं नाव काढा, तिथले साहेब त्याच्या ऊठबशीतले. आम्ही हसायचो. तो बोलायला लागला की वेळ कसा जायचा ते कळत नसे, आणि थापेनं कुणाचं नुकसान होईल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

एका हंगामात इकडे सासरी आमच्या उसाला तोड मिळेना. ऊस तयार होऊन उभा, पण तोडणाऱ्यांची टोळी कुणाच्या रानात कधी उतरणार हे कारखान्याकडून ठरतं, आणि त्या वाटेकडे डोळे लावून माणूस मेटाकुटीला येतो. भाऊ तेव्हा घरी आला होता. तात्यांच्या पुढ्यात बसून बशीत चहा ओतत म्हणाला, "तात्या, टोळीच्या मागं काय लागताय? मी मशीन आनतो. एका दिसात रान मोकळं." ऊस तोडायचं मशीन तेव्हा आमच्या भागात नवं होतं. लोक ते बघायला दुसऱ्या गावाला जात.

तात्यांनी विश्वास ठेवला. मशीन ओल्या रानात रुततं म्हणून उसाचं पाणी बंद केलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात खरी टोळी आली. तोडीची चिठ्ठी घेऊन कारखान्याचा चिटबॉय स्वतः बांधावर आला. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शेजाऱ्याला द्या. आमचं मशीन येतंय." आलेली तोड कुणी परत पाठवतं का? आमच्या भागात हे कुणाला सांगितलं तर आधी खोटं वाटतं.

मशीन यायच्या दिवशी निम्मं गाव रानात जमलं. तात्यांनी नारळ आणून ठेवला होता. भाऊ पांढऱ्या शर्टात, कुठून वळवायचं ते हातवारे करून दाखवत होता. दुपारी म्हणाला, मी पुढं जाऊन त्यांना रस्ता दाखवतो. मोटारसायकलवर बसून गेला तो गेलाच. मोटारसायकल बारामतीच्या एसटी स्टँडवर सापडली. मशीन कुठंच नव्हतं, कधीच नव्हतं.

परत पाठवलेली तोड पुन्हा मिळाली नाही, आणि आमचा ऊस होळी होईपर्यंत उभा वाळला. तुरे आले, आतून रस आटून भेंड पडलं. पण तात्यांना लागलं ते वेगळंच. गावानं त्यांना 'मशीनवाले' म्हणायला सुरुवात केली. सोसायटीत, पारावर, देवळात. अजूनही एखादा म्हणतो. ताठ मानेचा माणूस माझ्या भावामुळे चारचौघांत हसण्याचा विषय झाला, हे खरं आहे, आणि तात्यांचा राग मी कधी खोटा म्हटला नाही.

पण पुढचंही खरं आहे ना? काही वर्षांनी भाऊ परत आला. आमच्या रानात टोळी उतरली होती, आणि बघते तर हा बांधावर उभा, हातात नवाकोरा कोयता. तात्यांच्या पाया पडला, चुकलो म्हणाला. तात्या उठून चालते झाले. तेव्हा हा फडात शिरला आणि ऊस तोडायला लागला. त्याला ऊस तोडता येत नाही. जमिनीलगत तोडायचा तो वीतभर वर तोडतो. टोळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तळहात फुटले तरी दिवस मावळेपर्यंत तोडत राहिला. तेव्हापासून दरवर्षी आमची तोड आली की येतो. तात्या त्याच्याशी बोलत नाहीत, चहाला हाक मारत नाहीत. त्याच्या मागून जाऊन त्यानं सोडलेले बुडखे मात्र स्वतः खाली छाटतात.

सुधारला का, म्हणाल तर थापांच्या बाबतीत अजिबात नाही. मधली वर्षं त्यानं हैदराबादला हॉटेलात काढली. भांडी घासता घासता स्वयंपाक शिकला, आता बारामतीला मेस चालवतो. पण त्याच्या तोंडून ऐकाल तर मोठमोठे नट त्याच्या हातच्या बिर्याणीसाठी विमान थांबवत. हे चालूच आहे. मात्र जिच्यावर दुसऱ्याचं काही अवलंबून असेल अशी एकही थाप त्यानं तेव्हापासून मारलेली नाही. हा फरक मला स्पष्ट दिसतो. लोकांना सुधारलेला माणूस म्हणजे मान खाली घालून बसलेला माणूस हवा असतो. तसा तो बसला असता तर त्याला केव्हाच माफ केलं असतं, अशी माझी खात्री आहे.

तर तात्यांनी ठरवलं की नवरीला माझा चुलतभाऊ आणेल. भला माणूस, पाटबंधारे खात्यात नोकरीला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी भावाकडे बारामतीला गेले. म्हटलं, तू हटून बस, मी तुझ्यामागं आहे. तो कांदे चिरत होता. म्हणाला, "नगं आक्का. तात्यांचं म्या लई घालवलंय. आता पोरीच्या लग्नात नगं. मी आपला मागं जेवनाचं बगतो." मी परत विचारलं, तरी तेच. मी त्याला भित्रा म्हणाले. तो म्हणाला, "व्हय, हायच."

मग लग्नाच्या आधी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, ओसरीवर तात्या कुणाला तरी मानपानाचं सांगत होते तेव्हा मला राहवलं नाही.

"तात्या, त्या बदकाला कुणी सांगितलं हुतं परत ये म्हणून?"

"परत त्या बदकावर आलीस का?"

"आले. परत गेल्यावर काय मिळणार हुतं त्याला? थव्याच्या चोची. हॉटेलच्या तळ्यात आरामात बसलं असतं. पळायला अक्कल लागत न्हाय, पळताना मानूस एकटा असतो. परत येताना ज्यांना तोंड दाखवायचं ती समदी समोर उभी असत्यात. ते अवघड हाय का आभाळात गोल फिरनं अवघड हाय?"

"ते पाखरू हुतं. मानसाचं तसं नसतं."

"मग डोळं कशापायी पुसलं तुमी?"

तात्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. "ए.सी.चा वारा लागला हुता," ते म्हणाले.

पाहुणे हसले, मी नाही हसले. मी म्हणाले, "तुमचं हसं झालं त्याचा राग तुमी धरा, जल्मभर धरा. पन तो मान त्याचा हाय. तुमच्या रागाचा आनि त्याच्या मानाचा संबंध न्हाय." सासरी आल्यापासून तात्यांपुढे एवढं मी कधी बोलले नव्हते. नवऱ्यानं मला आत नेलं. तात्यांचा निर्णय काही बदलला नाही.

लग्नाच्या दिवशी मी कार्यालयात नवरीच्या खोलीत होते. माइकवरून आवाज आला, मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं. चुलतभाऊ फेटा बांधून दारात हजर. लेक खुर्चीवरून उठेना.

"चल गं पोरी," तो म्हणाला.

"मामा कुठाय?"

"हा काय, मी आलोय की."

"तुम्ही नाही. माझा मामा."

माइकवरून पुन्हा हाक आली. मग तिसऱ्यांदा. तात्या घाईघाईनं आले. मुहूर्त टळतोय म्हणाले.

"टळू दे, तात्या," लेक म्हणाली. ती तात्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. "मांडवात जायचं मला आहे. मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही नाही, आणि आईनंही नाही. तुम्ही दोघं नुसते बदकावरून भांडत बसलात. मामा येईपर्यंत मी उठणार नाही."

गाडीत 'पिक्चर आहे तो' म्हणणारी ती हीच. मी तिच्याकडे बघतच राहिले. चुलतभाऊच शहाणा, तो भटारखान्याकडे पळाला.

भाऊ आला तो बेसनानं माखलेला, हातात बुंदीचा झारा. दारातच थबकला. आत पाऊल टाकेना. चुलतभावानं आपला फेटा काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. तो तात्यांकडे बघत उभा. तात्या पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या हातातला झारा काढून घेतला.

लेक उठली. तिनं मामाचा हात धरला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तशातही त्यानं फेटा सारखा केला, छाती पुढे काढली आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "मला ठावंच हुतं. आक्काला म्या कवाच सांगितलं हुतं, पोरगी माज्याबिगर मांडवात पाऊल टाकनार न्हाय म्हनून. सांगितलं हुतं का न्हाय गं आक्का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तात्याही, हातात झारा धरून.

"व्हय," मी म्हणाले. "सांगितलं हुतंस."